जुनी आवृत्ती किती काळ सांभाळावी?

या व्याख्यानाचा विषय संगणकाचा असला, तरी प्रारंभ एका दगडी खांबापासून करणे सोयीचे आहे. चेन्नईच्या नुंगंबाक्कम विभागात कॉलेज रोडवर भारतीय हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. त्याच्या आवारात ग्रॅनाइटचा एक खांब उभा आहे. १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीने या जागी वेधशाळा उभारली, तेव्हा तारे मध्यान्हरेषा केव्हा ओलांडतात हे टिपणारे यंत्र या खांबावर बसविलेले असे. वेधशाळेची आखणी करणाऱ्या मायकेल टॉपिंग याचे नाव व इमारतीचे साल त्यावर कोरलेले असून लॅटिनबरोबर तमिळ व तेलुगू या भाषांतही लेख आहेत. १८९९ साली खगोलशास्त्राचे काम कोडाइकनालच्या डोंगरावर गेले आणि खांबाचे मूळ प्रयोजन संपले. खांब मात्र ठेवण्यात आला.

याच वेधशाळेच्या रेखांशावरून 'मद्रास वेळ' ठरली. ग्रीनिचच्या पुढे ५ तास, २१ मिनिटे आणि १० सेकंद. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील आगगाड्या या वेळेने धावत. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. तरीही कलकत्त्याने आपली स्थानिक वेळ १९४८ पर्यंत चालविली आणि मुंबईने तर १९५५ पर्यंत. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चालणारी 'मुंबई वेळ' मुंबईकरांनी जवळजवळ पन्नास वर्षे सोडली नाही. कालबाह्य झालेली व्यवस्था किती काळ चालवावी, या प्रश्नावर एका शहराने दिलेले हे उत्तर होते. ते शहाणपणाचे होते की हट्टाचे, यावर आजही दोन मते पडू शकतात.

संगणकाच्या जगात हाच प्रश्न दर दोन-चार वर्षांनी नव्याने उभा राहतो. लिनक्स या कार्यप्रणालीच्या बाबतीत तर तो अधिकच तीव्रतेने उभा राहतो, कारण तेथे जुनी आवृत्ती ठेवण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही आणि टाकून देण्यास कोणी भागही पाडत नाही.

कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि माणसाने लिहिलेल्या आज्ञावल्या यांच्यामधला कारभारी. लिनुस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिलेल्या गाभ्याला, ज्याला 'कर्नल' म्हणतात, लिनक्स हे नाव आहे. या गाभ्याभोवती हजारो आज्ञावल्या रचून डेबियन, फेडोरा, उबुंटू असे संघ वा कंपन्या आपापली वितरणे तयार करतात. प्रत्येक वितरणाच्या आवृत्त्या निघतात आणि प्रत्येक आवृत्तीला आयुष्य असते. फेडोराची आवृत्ती सुमारे तेरा महिने जगते. डेबियनची पहिली तीन वर्षे नियमित आणि पुढची दोन दीर्घकालीन देखभालीची, अशी पाच वर्षे. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांनाही पाच वर्षांची मूळ मुदत असते. रेड हॅटची व्यावसायिक आवृत्ती दहा वर्षे सांभाळली जाते. येथे आयुष्य याचा अर्थ एवढाच की, त्या काळात सापडणाऱ्या दोषांवर कोणीतरी दुरुस्ती देईल. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, पूर्वीसारखेच काम करतो, आणि नेमकी हीच गोष्ट फसवी ठरते.

'किती काळ ठेवावी' या एका वाक्यात वस्तुतः दोन प्रश्न गुंतलेले आहेत. जुनी आवृत्ती कामावर किती काळ ठेवावी, हा एक. ती संग्रहात किती काळ ठेवावी, हा दुसरा. कचेऱ्यांमधून या दोहोंची गल्लत नित्य होते. कोणी जपणुकीच्या नावाखाली धोक्याची यंत्रे चालवीत राहतो. कोणी सुरक्षिततेच्या नावाखाली कपाटातील तबकड्याही फेकून देतो.

प्रथम कामावरच्या आवृत्तीचा विचार करावा. जुनी आवृत्ती चालू ठेवण्याच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद केला जातो. जुने ते पारखलेले असते, त्यातील खाचखळगे ठाऊक झालेले असतात. यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्सच्या गाभ्यातील एक गंभीर दोष उजेडात आला. सामान्य वापरकर्त्याला त्यामुळे यंत्राचा संपूर्ण ताबा घेता येत असे. हा दोष २००७ साली आलेल्या २.६.२२ या आवृत्तीपासून तेथे होता. नऊ वर्षे लाखो यंत्रांवर पारखलेल्या गाभ्यात तो निवांत पडून होता. ज्यांची आवृत्ती मुदतीत होती त्यांना दुरुस्ती लगोलग मिळाली. मुदतीबाहेरच्यांना दोष तेवढा मिळाला, आणि त्याची जाहिरात जगभर झालेली होती.

मग दुरुस्त्या देणाऱ्यांनी मुदतच वाढवावी, असे कोणी म्हणेल. ते करूनही पाहण्यात आले आहे. गाभ्याच्या दीर्घकालीन शाखा पूर्वी दोन वर्षे सांभाळल्या जात. २०१७ साली, मुख्यतः भ्रमणध्वनी बनविणाऱ्यांच्या गरजेमुळे, ही मुदत सहा वर्षांपर्यंत नेण्यात आली. २०२३ साली ती पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले. इतक्या जुन्या शाखा फारसे कोणी वापरत नाही, असे कारण देण्यात आले. पण सांभाळणाऱ्यांचा थकवा हेही एक कारण होते आणि ते अधिक खरे मानावे लागेल. नव्या गाभ्यात केलेली दुरुस्ती सहा वर्षे जुन्या गाभ्यात बसविणे हे जुन्या वाड्यात नवी नळजोडणी करण्यासारखे आहे. भिंत कोठे पोकळ आहे ते सांगणारा गवंडी सापडत नाही.

ठरविलेली मुदतही अखेर एक वचनच असते, ही बाब सेंटओएस या वितरणाने शिकविली. त्याची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये निघाली आणि ती २०२९ पर्यंत चालेल, अशी सर्वांची समजूत होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की, ती २०२१ च्या अखेरीस संपेल. गंमत अशी की, तिच्या आधीची सातवी आवृत्ती ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत जगली. म्हणजे धाकटी थोरलीच्या आधी गेली. ज्या संस्थांनी तत्परतेने नवी आवृत्ती घेतली होती त्या अडचणीत आल्या आणि ज्यांनी आळस केला त्यांना अडीच वर्षे अधिक मिळाली. आवृत्ती लवकर बदलणे नेहमीच फायद्याचे असते, असे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

आता पुन्हा कॉलेज रोडकडे वळावे लागेल. याच रस्त्यावर तमिळनाडूच्या शालेय शिक्षण विभागाची संचालनालये असलेले आवार आहे. २०२२ साली त्याला क. अन्बळगन यांचे नाव देण्यात आले. राज्यातल्या सरकारी शाळांचा कारभार येथून चालतो. विंडोज एक्सपी या प्रणालीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, त्या सुमारास तमिळनाडू शासनाने आपल्या खात्यांना 'बॉस' लिनक्स बसविण्याची सूचना केली. 'बॉस' हे सी-डॅकने तयार केलेले, डेबियनवर आधारलेले भारतीय वितरण आहे. त्याची पहिली आवृत्ती 'तरंग' २००७ साली निघाली. निर्णय योग्य होता, खर्चही वाचणार होता. परंतु मुदतीचा प्रश्न त्याने सुटला नाही, केवळ पुढे गेला. त्या वेळी प्रचलित असलेली डेबियनची सातवी आवृत्ती मे २०१३ मध्ये आली होती आणि तिची दीर्घकालीन देखभाल ३१ मे २०१८ रोजी थांबली. एक्सपी सोडून त्या पिढीच्या लिनक्सवर आलेल्या कोणत्याही कचेरीपुढे चार वर्षांत तोच प्रश्न पुन्हा येणार होता. फुकट मिळालेल्या प्रणालीलाही म्हातारपण असते, हे खरेदीच्या कागदांत लिहिलेले नसते.

शाळेच्या संगणक-खोलीत तर अडचण निराळीच असते. तेथे यंत्रच जुने असते. नवी आवृत्ती घ्यावी तर ती त्या यंत्रावर बसत नाही. टोरवाल्ड्स यांनी लिनक्स ज्या ८०३८६ या प्रकारच्या यंत्रावर लिहिले, त्या यंत्राचाच आधार फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने तर ३२ बिटांच्या जुन्या वैयक्तिक संगणकांवर प्रणाली नव्याने बसविण्याची सोयच ठेवलेली नाही. अशा यंत्रांना एक अंतिम तारीखही आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी जुनी प्रणाली भारतीय वेळेप्रमाणे १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी आपली मोजणी संपवील आणि पुढल्या क्षणी १९०१ साल दाखवील. ज्यांच्या पोटात असे जुने लिनक्स आहे ती उपकरणे कपाटांत, भिंतींत, गिरण्यांत कोठे कोठे बसविलेली आहेत, याची यादी पुष्कळ ठिकाणी झालेलीच नाही.

आवृत्ती कालबाह्य होणे हे सर्वत्र सारखे नसते, याकडेही लक्ष द्यावयास हवे. श्रीलंकेने १५ एप्रिल २००६ रोजी आपली घड्याळे अर्धा तास मागे घेऊन साडेपाच तासांवर आणली. त्याआधीची आवृत्ती चालविणारा संगणक कोलंबोत अर्धा तास चुकला. तीच आवृत्ती पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे चेन्नईत बिनचूक वेळ दाखवीत राहिली, कारण १९४५ नंतर भारताने आपल्या वेळेत बदल केलेला नाही. याउलट, भारतात लिपीच्या बाजूने आवृत्त्या जुन्या होत गेल्या. रुपयाचे नवे चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आले. त्याआधीच्या लिनक्सवर त्या जागी रिकामी चौकट दिसते. मराठी वाचकाला आणखी जवळचे उदाहरण 'ॲ' या अक्षराचे आहे. मराठीच्या वापरासाठी हे अक्षर २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत स्वतंत्रपणे दाखल झाले. त्यापूर्वीच्या प्रणालीवर आजचा मराठी मजकूर उघडला तर 'ॲ'च्या जागी भोक पडते. यंत्र चांगले आहे, विजेचा पुरवठा आहे, दोष कोठेच नाही, पण भाषा पुढे गेली आहे.

पुढे जाऊनही मागचे न सोडण्याचे उदाहरणही याच लिपीत सापडते. 'सुऱ्या', 'दऱ्या' यांतील वक्र रफार युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक आजची शिफारस केलेली रीत, दुसरी १९९०च्या दशकातील दुसऱ्या आवृत्तीची. जुनी रीत रद्द न करता 'सुसंगतीसाठी' म्हणून कायम ठेवण्यात आली, कारण तिने लिहिलेला मजकूर तोवर जगात होता. येथे जुन्याचा भार नव्याने उचलला आहे. त्यामुळे मजकूर वाचण्यासाठी जुने यंत्र चालवीत बसण्याची गरज उरत नाही. हा मार्ग सर्वांत उत्तम, पण तो सर्वांत महागही आहे, कारण शोधयंत्रांना एकच शब्द दोन रूपांत ओळखावा लागतो.

घरच्या वा कचेरीच्या एका संगणकापुरता हा प्रश्न फार लहान आहे आणि त्याचे उत्तरही व्यवहाराने ठरले आहे. गाभ्याची नवी आवृत्ती आली की जुनी लगेच पुसली जात नाही. फेडोरा सामान्यतः तीन ठेवते, इतर काही वितरणे दोन. नवी बिघडली तर आधीच्या आवृत्तीने यंत्र सुरू करता यावे, एवढाच हेतू. ज्यांनी हे पुसण्याचे काम बंद करून ठेवले त्यांच्या यंत्रावरील लहानसा प्रारंभ-विभाग काही महिन्यांत भरून जातो आणि नवी सुरक्षा-दुरुस्ती जागेअभावी बसत नाही. सांभाळण्याचा अतिरेक संरक्षणाच्याच आड येतो, हे दाखविणारे याहून साधे उदाहरण मिळणे कठीण आहे.

यावरून कामावरच्या आवृत्तीबद्दल इतके म्हणता येईल. जाळ्याला जोडलेल्या यंत्रावर मुदत संपलेली आवृत्ती ठेवू नये आणि नवी बसवितानाच तिच्या अंताची तारीख नोंदवहीत लिहावी. जेथे यंत्र बदलणे खरोखरच अशक्य असेल, तेथे ते जाळ्यापासून तोडावे. तोडलेले यंत्र जुन्या प्रणालीवर शिकविण्यासाठी वा एखादे उपकरण चालविण्यासाठी पुष्कळ दिवस उपयोगी पडते. बहुतेकदा तोडावे लागतही नाही. जग स्वतःच दार लावून घेते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका बहुप्रचलित मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि अनेक जुन्या प्रणालींना एका दिवसात पुष्कळ संकेतस्थळांशी सुरक्षित जोडणी करता येईना. त्या यंत्रांवर कोणी बोटही लावलेले नव्हते.

संग्रहाचा प्रश्न याहून वेगळा आहे. तेथे कायद्याने एक किमान मर्यादा घातलेली आहे. लिनक्सच्या गाभ्याचा परवाना असे सांगतो की, जो कोणी यंत्रभाषेतील प्रत वाटतो आणि मूळ लेखन मागाहून देण्याचे लेखी आश्वासन देतो, त्याने ते आश्वासन किमान तीन वर्षे पाळावे. कोणत्याही खात्याने वा पुरवठादाराने तीन वर्षांच्या आत मूळ लेखन टाकून देता कामा नये, एवढे यातून निश्चित होते. कमाल मर्यादा कोठेच नाही. डेबियनने आपल्या जुन्या आवृत्त्या, १९९०च्या दशकातल्यासुद्धा, नेहमीच्या वितरण-केंद्रांवरून काढून निराळ्या संग्रहात ठेवल्या आहेत, आणि २००५ पासूनची जवळजवळ प्रत्येक दिवसाची स्थिती तारीखवार जपली आहे. फ्रान्समधील इन्रिया या संस्थेने २०१६ साली सर्व जगाचे आज्ञावली-लेखन एकत्र जपण्याचा उपक्रम जाहीर केला आणि पुढे युनेस्कोने त्याला साथ दिली. आवृत्तीचा संच काही गिगाबाइटांचा असतो. जागेची सबब आज टिकत नाही.

तथापि, तबकडी जपली म्हणजे आवृत्ती जपली असे नाही. जुन्या संचावर खरेपणाची जी डिजिटल स्वाक्षरी असते तिची किल्लीही कालांतराने मुदतबाह्य होते, आणि मग हा संच अस्सल आहे की कोणी बदललेला, हे यंत्र सांगू शकत नाही. म्हणून संचाबरोबर त्याची पडताळणी-बेरीज, मूळ लेखन, बसविण्याच्या सूचना आणि तो कोणत्या यंत्रावर चालत होता याची नोंद ठेवणे आवश्यक ठरते. ते यंत्र गेले तरी 'क्यूईएमयू'सारखी आज्ञावली नव्या संगणकात जुन्या संगणकाचा आभास निर्माण करते आणि त्यात जुने लिनक्स बंदिस्त अवस्थेत चालविता येते. नोंद नसेल तर तेही जमत नाही.

इतकी खटपट कशासाठी, असे विचारले जाते. खात्यांचे अधिकारी तर हमखास विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर नुंगंबाक्कमच्याच वेळेत दडलेले आहे.

प्रत्येक लिनक्समध्ये जगातील कालपट्ट्यांची एक यादी असते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती अमेरिकेत १९८०च्या दशकात सुरू केली आणि आता ती अनेकांच्या सहकार्याने वर्षातून अनेकदा सुधारली जाते. भारतासाठी तीत कोलकात्याच्या नावाचा एकच पट्टा आहे. मुंबईच्या पन्नास वर्षांच्या हट्टाला तेथे स्वतंत्र जागा मिळालेली नाही. आजच्या यादीप्रमाणे त्या पट्ट्याची वेळ १८७० पासून १९०५ अखेर मद्रासची आहे, ५ तास २१ मिनिटे १० सेकंद, आणि १९०६ पासून प्रमाणवेळ. पण २०१० च्या आसपासचे लिनक्स सुरू करून पाहिले तर तेथे असे आढळते की, ग्रीनिचच्या ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद पुढची, कलकत्त्याकडची वेळ थेट १९४१ पर्यंत चालली होती. मद्रास वेळेचा त्या यादीत मागमूस नाही आणि १९०६ चा बदलही नाही. ती चूक होती व पुढे ती दुरुस्त झाली.

आता समजा, त्या काळात कोणी संशोधकाने १९०५ सालच्या हवामानाच्या वा भूकंपाच्या नोंदी अशा संगणकावर जागतिक वेळेत बदलून प्रसिद्ध केल्या. आज तोच हिशोब नव्या आवृत्तीवर केला तर प्रत्येक नोंद ३२ मिनिटे १० सेकंदांनी सरकते. जुनी आवृत्ती जवळ नसेल तर वाचकाला एवढेच कळेल की, दोन हिशोब जुळत नाहीत. कोणी निष्काळजीपणा केला, मूळ वही चुकीची होती, की यंत्राने फसविले, हे ठरविता येणार नाही. जुनी आवृत्ती जवळ असेल तर ती बंदिस्त यंत्रात सुरू करून, यादी उघडून, फरकाचे कारण काही मिनिटांत दाखविता येते. आणि १९०६ नंतरच्या पस्तीस वर्षांच्या नोंदींत तो फरक २३ मिनिटे २० सेकंदांचा का होतो, हेही त्याच यादीतून कळते.

नकाशांच्या बाबतीत हे पूर्वी घडलेले आहे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने मद्रास वेधशाळेचा रेखांश आधाराला घेतला होता. तो प्रत्यक्षाहून सुमारे अडीच कलांनी अधिक धरला गेला होता, असे पुढे सिद्ध झाले. जुने नकाशे नष्ट केले गेले नाहीत. रेखांशातून अडीच कला वजा कराव्यात, अशी टीप त्यांच्यासोबत चालविण्यात आली आणि नव्या नकाशांत आकडा बदलला. जुन्या नकाशावर गलबत हाकणे धोक्याचे झाले होते. पण जुन्या नकाशावरून आखलेली गावाची शीव तपासण्यास तोच नकाशा लागत असे, आणि तो सर्वेक्षण खात्याच्या दप्तरातून मागवावा लागे.